जर्मनीत भाड्याच्या घरात राहायला जाताना: चाव्या मिळाल्यापासून पहिल्या वर्षापर्यंत

चाव्या हातात आल्या त्या संध्याकाळी आमच्या घरात एकही दिवा नव्हता. छतातून तारा लोंबत होत्या. स्वयंपाकघरात भिंतीतून बाहेर आलेला पाइप आणि फरशीवर जुन्या कपाटांच्या खुणा, एवढंच होतं. ऑक्टोबर असल्यामुळे अंधार लवकर पडला. पुण्याहून आणलेल्या चार बॅगा मधल्या खोलीत ठेवून आम्ही मोबाइलच्या उजेडात मेथीचे ठेपले खाल्ले. घर रिकामं मिळेल हे माहीत होतं, पण रिकामं म्हणजे किती रिकामं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही श्टुटगार्टजवळ राहतो. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि पुणे-चाकणच्या कारखान्यांतून इकडे नोकरीला येणारी मराठी माणसं आता कमी नाहीत. नवीन आलेलं प्रत्येक कुटुंब तेच प्रश्न विचारतं आणि बरेचदा त्याच चुका करतं, म्हणून हे एकदा सविस्तर लिहिते आहे. घर शोधायचं कसं यात मी फार शिरत नाही. घर ठरल्यानंतर काय, यावर भर आहे.

इथे सगळं कागदावर आणि ठरलेल्या क्रमाने चालतं हे आधी लक्षात घ्या. दारावर नाव नसेल तर टपाल येत नाही. टपाल आलं नाही तर टॅक्स नंबर आणि बँकेचं कार्ड मिळत नाही. पत्त्याची नोंद झाली नाही तर पुढची बरीच कामं अडतात. त्यामुळे खालच्या पायऱ्या शक्यतो याच क्रमाने करा.

हाताशी ठेवायची कागदपत्रं

- पासपोर्ट आणि व्हिसा, घरातल्या प्रत्येकाचा
- सही झालेला भाडेकरार
- नोकरीचा करार किंवा विद्यापीठाचं प्रवेशपत्र, असतील तर शेवटच्या तीन पगारपावत्या
- विवाहाचा आणि मुलांच्या जन्माचा दाखला, जर्मन भाषांतरासह. अपोस्टिल किंवा इतर प्रमाणीकरण लागेल का हे व्हिसाच्या वेळीच विचारून घ्या
- घरमालकाने सही केलेला राहत असल्याचा दाखला (याबद्दल चौथ्या पायरीत)
- एक जाड फाइल. आलेलं एकही पत्र टाकून देऊ नका.

## १. सही करण्याआधी: भाड्याचे दोन आकडे

जाहिरातीत काल्टमीटे म्हणजे नुसत्या जागेचं भाडं असतं. त्यात नेबेनकोस्टेन मिळवले, म्हणजे पाणी, कचरा, जिन्याची सफाई आणि बहुतेक ठिकाणी हीटिंग, की वार्ममीटे होते. दर महिन्याला खात्यातून वार्ममीटे जाते. त्यात घरातली वीज आणि इंटरनेट सहसा धरलेलं नसतं. पगारातून काय उरेल याचा हिशेब वार्ममीटेवर करा.

अनामत रकमेला काउत्सिओन म्हणतात. कायद्याने ती तीन महिन्यांच्या काल्टमीटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि तुम्ही ती तीन समान मासिक हप्त्यांत भरू शकता. पहिला हप्ता भाडं सुरू होताना द्यायचा असतो. नवीन आलेल्या माणसाकडून एकदम सगळी रक्कम मागितली जाते आणि तोही मुकाट्याने भरतो. हातात पैसे कमी असतील तर हप्त्यांचा हक्क नम्रपणे सांगा, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

सापळा: "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल" असं सांगणारा घरमालक खरा नसतो. घर पाहिल्याशिवाय आणि करार झाल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. भारतात बसून घर ठरवायचं असेल तर इथे राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला घर बघायला पाठवा. मराठी मंडळाच्या ग्रुपवर विचारलंत तर कुणी ना कुणी जातं. आम्ही स्वतः आजवर अशी तीन घरं बघून आलो आहोत.

करारात किमान किती काळ राहायची अट आहे तेही बघा. अशी अट नसेल तर भाडेकरूने तीन महिन्यांची नोटीस द्यायची असते. ती कागदावर, स्वतःच्या सहीने द्यावी लागते. ईमेल चालत नाही.

## २. चाव्या घेताना घाई करू नका

या पायरीवर मी सगळ्यात जास्त भर देते, कारण आमचे पैसे इथेच गेले.

चाव्या देताना घरमालक किंवा त्याचा माणूस तुमच्याबरोबर खोल्यांमधून फिरतो आणि एक कागद भरतो. त्याला यूबरगाबेप्रोटोकोल म्हणतात. घर कोणत्या अवस्थेत तुमच्या ताब्यात आलं याचा तो पुरावा असतो. सोडताना हाच कागद समोर ठेवून अनामतीतून काय कापायचं ते ठरतं. आमच्या पहिल्या घरात आम्ही थकलेलो होतो, समोरचा माणूस घाईत होता. "सगळं ठीक आहे ना?" "हो, हो." झाली सही. तीन वर्षांनी घर सोडताना बेसिनला खालच्या बाजूने केसाएवढी बारीक चीर निघाली. ती आधीपासून होती, पण कागदावर नव्हती. बेसिनचे पैसे आम्ही भरले.

दुसऱ्या घराच्या वेळी मी टॉर्च घेऊन गेले. बाल्कनीच्या दाराजवळ लाकडी जमिनीवर ओरखडा दिसला, तेव्हा मी गुडघ्यावर बसून पट्टीने मोजला आणि "ओरखडा, ४ सेंटिमीटर, दिवाणखाना, बाल्कनीच्या दाराशी" असं लिहून घेतलं. घरमालकीणबाईंना राग वगैरे काही आला नाही. उलट त्यांनीच खिडकीच्या कट्ट्यावरचा एक डाग दाखवला आणि तोही लिहिला. इथे अशा काटेकोरपणाचं कुणाला वाईट वाटत नाही.

काय काय बघायचं:

- प्रत्येक नळ सोडून बघा, गरम पाणी येतं का, बेसिनखालून गळतं का
- संडासाचा फ्लश, सिंकचा निचरा
- प्रत्येक खिडकी दोन्ही प्रकारे उघडून, म्हणजे पूर्ण आणि वरून तिरकी
- कोपरे आणि कपाटामागच्या भिंती, काळे ठिपके असतील तर ती बुरशी
- रोलरचे पडदे, हीटरचे नॉब, ओव्हन असेल तर आतून
- वीज, पाणी आणि गॅसच्या मीटरचे आकडे, मीटर नंबरसह
- चाव्या किती आणि कशाच्या: मुख्य दार, घर, टपालपेटी, तळघर

मीटर बरेचदा तळघरात असतात, त्याला केलर म्हणतात. तिथे स्वतः उतरून फोटो काढा. प्रत्येक खोलीचे फोटो काढून त्याच रात्री स्वतःला ईमेल करा, म्हणजे तारीख आपोआप नोंदली जाते. नंतर पहिल्या आठवड्यात काही दिसलं तर घरमालकाला लगेच फोटोसह लेखी कळवा.

## ३. त्याच दिवशी दारावर आणि टपालपेटीवर नाव

इथे पत्त्यात फ्लॅट नंबर बहुधा नसतो. पोस्टमन बेलवरचं आणि पेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत जातं, आणि त्या पत्रात तुमचं बँकेचं कार्ड असू शकतं. पहिल्या दिवशी साध्या कागदावर लिहून चिकटवा, पक्की पाटी नंतर येऊ दे.

आपल्याकडची एक खास अडचण: बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर दोन्ही आडनावं लावा. काही जणांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा असतो आणि पूर्ण नाव एकाच ओळीत येतं. त्यांनी सरकारी पत्रावर जे नाव छापून येईल ते जसंच्या तसं पेटीवर लावावं.

## ४. दोन आठवड्यांच्या आत आनमेल्डुंग

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे. या नोंदणीला आनमेल्डुंग म्हणतात. ती शहराच्या नागरी सुविधा कार्यालयात होते. नाव गावागणिक बदलतं, कुठे ब्युर्गरब्यूरो, कुठे ब्युर्गरआम्ट. मोठ्या शहरात अपॉइंटमेंट पटकन मिळत नाही, म्हणून करारावर सही होताच ती शोधायला लागा. सकाळी लवकर वेबसाइट उघडलीत तर रद्द झालेल्या वेळा सापडतात. दोन आठवड्यांच्या आतली तारीख मिळाली नाही तर मिळालेल्या तारखेची पावती जपून ठेवा.

सोबत न्यायचं: सगळ्यांचे पासपोर्ट, भरलेला अर्ज, आणि घरमालकाने सही केलेला दाखला. या दाखल्याचं नाव लांबलचक आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नोव्हेंबर २०१५ पासून तो सक्तीचा आहे. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही. खूप जण इथेच परत पाठवले जातात. चाव्या घेतानाच घरमालकाकडून तो भरून घ्या. "घर देतो, पण नोंदणी करता येणार नाही" असं कुणी म्हणालं तर ते घर घेऊ नका, बाकी कितीही स्वस्त आणि सोयीचं असलं तरी.

अर्जात धर्माचा रकाना असतो. तो माहितीपुरता नाही. चर्चचा सभासद म्हणून नोंद झाली की आयकरावर चर्चकर लागतो. बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि बायर्नमध्ये तो आयकराच्या ८ टक्के आहे, इतर राज्यांत ९ टक्के. हिंदू, बौद्ध किंवा जैन असाल तर असा कर नाही. ख्रिस्ती वाचकांनी मात्र काय लिहायचं ते आधी घरी ठरवून जावं.

काम झाल्यावर शिक्क्याचा एक कागद मिळतो. त्याच्या चार-पाच प्रती काढून ठेवा. बँक, व्हिसाचं कार्यालय, बालवाडी, सगळीकडे तो लागतो. त्यानंतर काही दिवसांनी ११ आकडी टॅक्स नंबर टपालाने घरी येतो. तो कंपनीला कळवेपर्यंत पगारातून जास्त कर कापला जाऊ शकतो. नंतर हिशेब जुळतो, पण पहिल्या महिन्यात हात आखडता राहतो. म्हणूनच टपालपेटीवरच्या नावाबद्दल मी इतकं बजावून सांगितलं.

## ५. वीज, इंटरनेट आणि न मागता आलेलं पत्र

तुम्ही काही केलं नाही तरी घरात वीज असते, कारण स्थानिक मूळ पुरवठादार आपोआप तुम्हाला ग्राहक करून घेतो. त्याचा दर बहुधा महाग असतो. बरं हे की हा करार दोन आठवड्यांच्या नोटिशीवर सोडता येतो. घराची तारीख ठरली की मीटर नंबर मागून घ्या आणि आधीच स्वस्त करार करा. पहिल्या वर्षाच्या बोनसला भुलून करार केलात तर पुढच्या वर्षीचा दरही बघा.

इंटरनेट चालू व्हायला काही आठवडे लागू शकतात. तोवर मोबाइलचं डेटा कार्ड घ्या.

नोंदणीनंतर थोड्याच दिवसांत एक पत्र येतं, सरकारी रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. आमच्या घरात टीव्हीच नव्हता, त्यामुळे फसवणूक वाटून आम्ही ते बाजूला ठेवलं आणि मग दंडासह स्मरणपत्र आलं. ही वर्गणी खरी आहे. ऑगस्ट २०२१ पासून ती महिन्याला १८.३६ युरो आहे आणि टीव्ही असो नसो, दर घरटी एक भरावी लागते. माणशी नाही. त्यामुळे चार जण मिळून राहत असाल तर एकाच्या नावावर भरा आणि बाकीच्यांनी तो वर्गणी क्रमांक कळवा.

## ६. दिवे आणि स्वयंपाकघर

दिव्यांच्या तारा जोडताना जिवाशी खेळ होऊ शकतो, म्हणून नीट वाचा. आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल तार फेज आणि काळी न्यूट्रल असते. इथे काळी किंवा तपकिरी तार फेज आहे, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. म्हणजे भारतात जी काळी तार निर्धास्तपणे धरायची सवय असते, तिच्यातच इथे करंट असतो. जुन्या इमारतींत रंग याहून वेगळे निघू शकतात. आधी फ्यूज पाडा, टेस्टर लावून खात्री करा. मनात शंका असेल तर स्टूलवर चढू नका, जाणत्याला बोलवा. पहिल्या रात्रीसाठी बॅगेत एक टेबललॅम्प असू द्या.

स्वयंपाकघराचं तसंच. करारात आइनबाउक्युशे असा शब्द असेल तर ओटा, शेगडी, कपाटं घरात आहेत. नसेल तर सगळं तुम्ही आणायचं. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर तुम्हाला विकू पाहील. किंमत परवडणारी असेल तर घ्या, सगळं नव्याने बसवण्यापेक्षा सोपं पडतं, पण काय काय मिळणार त्याची यादी लिहून घ्या. जुन्या वस्तू क्लाइनआनत्साइगेन या जुन्या सामानाच्या जाहिरातींच्या वेबसाइटवर स्वस्तात मिळतात. विजेची मोठी शेगडी मात्र स्वतः जोडायची नाही. तिची जोडणी ४०० व्होल्टची असते आणि ते काम इलेक्ट्रिशियननेच करायचं.

मिक्सर आणावा का, हे सगळे विचारतात. आणा. इथेही २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झच आहे, त्यामुळे तो नीट चालतो. फक्त तीन पिनांचा आपला प्लग इथल्या सॉकेटमध्ये जात नाही. प्रवासाचा स्वस्त अडॅप्टर बरेचदा अर्थिंग जोडत नाही, म्हणून अर्थिंगवाला चांगला अडॅप्टर घ्या किंवा प्लगच बदलून घ्या.

कुकरचं वेगळं. काचेच्या साध्या शेगडीवर ॲल्युमिनियमचा कुकर चालतो, इंडक्शनवर चालत नाही. आधी घरमालकाला शेगडीचा प्रकार विचारा, मग बॅगेतली जागा ठरवा. लोखंडी तवा दोन्हींवर चालतो.

आणि फोडणी. पॅसेजमध्ये आणि झोपायच्या खोल्यांत छताला धुराचे अलार्म असतात. लाल मिरचीच्या फोडणीचा धूर पॅसेजमध्ये गेला की सगळी इमारत जागी होते. स्वयंपाकघराचं दार लावा, खिडकी उघडा, मगच मोहरी टाका. अलार्मची बॅटरी काढून ठेवू नका. तो तुमच्याच जिवासाठी आहे.

## ७. दोन विमे आणि एक चावी

हाफ्टफ्लिश्ट नावाचा विमा पहिल्याच आठवड्यात घ्या. आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. वर्षाला ५० ते १०० युरोंच्या आसपास चांगला मिळतो. त्यात भाड्याच्या घराचं नुकसान आणि हरवलेली चावी हे दोन्ही धरलेलं आहे ना, ते बघा. पुष्कळ इमारतींत एकच चावी मुख्य दार, तळघर आणि घर उघडते, त्यामुळे ती हरवली तर सगळ्यांची कुलुपं बदलावी लागू शकतात. घरातल्या सामानाचा विमा वेगळा असतो. सुरुवातीला सामान थोडं असतं, तो नंतर घेतलात तरी चालेल.

घराचं दार मागे ओढलं की बाहेरून उघडत नाही, कारण बाहेर फिरणारी मूठच नसते. कचरा टाकायला जातानाही चावी खिशात असू द्या. जास्तीची चावी विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. कुलूपवाल्याला बोलवायची वेळ आलीच तर फोनवर पूर्ण रक्कम ठरवून घ्या. रात्री घाबरलेल्या माणसाकडून काहींनी शेकडो युरो उकळलेले मी पाहिले आहेत.

## ८. न्हाणीघर, खिडक्या आणि बुरशी

आपल्याला बादलीने पाणी ओतून न्हाणीघर धुवायची सवय असते. इथल्या बहुतेक न्हाणीघरांच्या जमिनीत निचऱ्याची जाळीच नसते. मी पहिल्याच शनिवारी दोन बादल्या ओतल्या. पाणी कुठे जाईना. पुसून काढायला पाऊण तास लागला आणि तरी खालच्या घराच्या छताला ओल आली. खालच्या आजी हातात मोबाइलवर फोटो घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पाणी फक्त शॉवरच्या किंवा टबच्या आत. बाहेरची फरशी ओल्या फडक्याने पुसायची.

दुसरा मोठा शत्रू बुरशी. हिवाळ्यात खिडक्या बंद, आत कुकरची वाफ, दोरीवर वाळणारे कपडे. ही सगळी ओल बाहेरच्या थंड भिंतीवर जाऊन बसते. उपाय साधा आहे: दिवसातून तीन-चार वेळा खिडकी पूर्ण उघडून पाच ते दहा मिनिटं हवा खेळवा, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर तिरकी ठेवू नका. त्याने भिंत थंड पडते आणि बिलही वाढतं. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, हात जाईल एवढी फट ठेवा. हीटरच्या नॉबवर ३ म्हणजे साधारण २० अंश. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

पाणी जड असतं. नळावर आणि शॉवरच्या काचेवर पांढरे थर बसतात. लिंबूसत्व पाण्यात कालवून लावलं की निघतात. दर पंधरवड्याला करा, वर्षाने एकदम करायला गेलात तर निघत नाहीत.

## ९. कचरा, शांतता आणि शेजारी

कचऱ्याचे रंग गावागणिक बदलतात. ओला कचरा सहसा तपकिरी डब्यात, वेष्टनं पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, कागद पुष्कळ ठिकाणी निळ्या डब्यात. श्टुटगार्टात मात्र कागदाचा डबा हिरवा आहे. पालिकेच्या वेबसाइटवर गल्लीनिहाय वेळापत्रक मिळतं, ते फ्रिजवर लावा. प्लास्टिकच्या बाटलीवर अनामतीचं चिन्ह असेल तर दुकानातल्या यंत्रात टाका, २५ सेंट परत मिळतात.

रात्री १० ते सकाळी ६ आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता. रविवारी भिंतीत ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत. फटाके तर फक्त ३१ डिसेंबर आणि १ जानेवारीला, त्यामुळे दिवाळीला पणत्या आणि आकाशकंदील. पाहुणे यायचे असतील तर आदल्या दिवशी जिन्यात चिठ्ठी लावा, आणि जमलं तर खालच्या आजींना करंज्या नेऊन द्या. त्या ओलीच्या प्रकारानंतरच्या दिवाळीत मी नेल्या. आता त्या दर वर्षी नाताळात त्यांच्या घरची बिस्किटं आणून देतात.

आमच्या भागात केरवोखे असते. दाराला एक पाटी लटकलेली दिसली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. काम झालं की पाटी शेजाऱ्याच्या दाराला लावायची.

## १०. पुढच्या वर्षी येणारं हिशेबाचं पत्र

दर महिन्याला भरता ते नेबेनकोस्टेन अंदाजे असतात. हिशेबाचं वर्ष संपल्यावर १२ महिन्यांच्या आत घरमालकाने खरा हिशेब द्यायचा असतो. जास्त भरलं असेल तर परत मिळतं, कमी भरलं असेल तर वरचे पैसे भरावे लागतात. पहिल्या हिवाळ्यात आपण हीटर सढळ हाताने लावतो, म्हणून थोडे पैसे बाजूला काढून ठेवा.

पत्र आलं की लगेच पैसे भरून टाकू नका. तुम्ही राहायला आलात त्या तारखेपासूनचाच खर्च धरला आहे का ते बघा. मीटरचे आकडे दुसऱ्या पायरीतल्या फोटोंशी ताडून घ्या. समजत नसेल तर मूळ बिलं बघायला मागता येतात, तो तुमचा हक्क आहे. शहरातल्या भाडेकरू संघटनेचं, म्हणजे मीटरफेराइनचं, सभासद झालात तर तिथले वकील हिशेब तपासून देतात. हिशेब हातात पडल्यापासून आक्षेप घ्यायला १२ महिन्यांची मुदत असते. आक्षेप लेखी पाठवा, सोबत मीटरचा फोटो जोडा आणि पत्राची प्रत फाइलमध्ये लावा.